माळाच्या रानाचा माती अहवाल कसा वाचायचा? स्फुरद आहे, पालाश आहे, तरी पीक उपाशी का?

विचारणाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. राहायला कोल्हापुरात, नोकरीही इथेच. आळते-रामलिंगच्या डोंगराकडेला वडिलार्जित तीन एकर माळाचं रान, विहीर नाही की बोअर नाही. माती तपासून आणली. सामू (पीएच) ८.३, क्षारता ०.३, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, नत्र (नायट्रोजन) हेक्टरी १७० किलो, स्फुरद (फॉस्फरस) १६, पालाश (पोटॅश) ४१०, मुक्त चुना ११ टक्के, जस्त ०.४२ आणि लोह ३.९ पीपीएम (दहा लाखात किती भाग). शिफारशीप्रमाणे डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) टाकलं, युरिया फेकला. खरिपात भुईमूग पिवळा पडला, रब्बीत शाळू (रब्बी ज्वारी) कमरेच्या वर गेला नाही. मग खत बनावट होतं, की अहवाल चुकला?

बनावट खत बाजारात येतं, नाही असं नाही. पण तो संशय तूर्त बाजूला ठेवा. अहवालही मला चुकीचा वाटत नाही, या भागातल्या मुरमाड चुनखडीच्या रानाचे आकडे असेच येतात. चुकतंय ते हे आकडे पाण्याचा हिशेब न घालता वाचणं.

तुमची माती प्रयोगशाळेत गेल्यावर तिचं काय होतं ते आधी पाहू. सावलीत वाळवतात, कुटतात, २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. स्फुरद काढायला त्यातली अडीच ग्रॅम माती सोडियम बायकार्बोनेटच्या ५० मिलिलिटर द्रावणात अर्धा तास घुसळतात. म्हणजे मातीच्या वीसपट पाणी. जस्त आणि लोहासाठी दुप्पट द्रावणात दोन तास हलवतात. त्या बाटलीत मातीच्या प्रत्येक कणाला चहूबाजूंनी पाणी मिळतं आणि सुटण्यासारखं जे असतं ते सुटून येतं. तुमच्या माळावर ऑगस्टच्या उघडिपीत यातलं काही घडत नाही. पंचगंगेकाठच्या बागायती रानात अहवालातला आकडा आणि पिकाची अवस्था बऱ्यापैकी जुळते, कारण तिथे पाणी कमी पडत नाही. माळावर तोच आकडा कमाल मर्यादा दाखवतो, त्यातलं हाती किती लागेल हे पाऊस ठरवतो.

दुसरी गोष्ट फार कमी लोक सांगतात. चाळणीवर राहिलेले खडे प्रयोगशाळा फेकून देते आणि खालच्या बारीक मातीत जेवढे पीपीएम आले त्याला २.२४ ने गुणून हेक्टरी किलो लिहिते. यात गृहीत असं असतं की वरच्या १५ सेंटीमीटरच्या थरात हेक्टरी साडेबावीस लाख किलोच्या आसपास निव्वळ बारीक माती आहे. नदीकाठच्या पोयट्याला हे लागू पडतं. डोंगराकडेच्या रानात वजनाने चाळीस टक्के खडे-मुरूम निघणं नवलाचं नाही. तुमच्याकडे तसं असेल तर ढोबळ हिशेबाने १६ किलो स्फुरदाचे दहाच्या आत येतात, ४१० किलो पालाशाचे अडीचशेच्या घरात. आपल्याकडच्या वर्गवारीत स्फुरद १४ ते २१ म्हणजे मध्यम आणि ७ ते १४ म्हणजे कमी. अहवालावरचा ‘मध्यम’ रानात ‘कमी’ होता. पालाश मात्र खडे वजा करूनही पुरेसा आहे. आपला काळा दगड आणि त्यापासून झालेली चिकणमाती पालाशाच्या बाबतीत उदार असते, त्यामुळे त्यावर आत्ता पैसे घालू नका.

खडे किती आहेत हे घरीच कळतं. रानातली पाटीभर माती घ्या, वाळवा, वजन करा, २ मिलिमीटरच्या जवळपास भोकं असलेल्या चाळणीतून चाळा आणि वर राहिलेलं पुन्हा तोला. मातीची ढेकळं नीट फोडून मग चाळायचं, नाहीतर ढेकळंही खड्यात मोजली जातात.

आता खोली. तुमच्या अहवालात ती नाही. केंद्र सरकारने २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आणली, तिच्यात बारा घटक मोजतात. त्या बारांत मातीची खोली नाही आणि चुनाही नाही. तुमच्या प्रयोगशाळेने चुना वेगळा काढून दिला हे बरं केलं. कोरडवाहू रानात मला एकच आकडा मिळणार असेल तर मी खोली मागेन. कुदळ घेऊन रानात तीन ठिकाणी, वरच्या बांधाजवळ, मध्ये आणि खालच्या तालीजवळ (माती अडवणाऱ्या बांधाजवळ), कठीण मुरूम लागेपर्यंत खड्डे घ्या. उताराच्या रानात तिन्ही खड्ड्यांची खोली सारखी येत नाही. वर वीतभर माती आणि खाली दोन-अडीच फूट असंही निघतं. असं निघालं तर ते एक रान धरायचंच नाही, त्याचे दोन भाग करून दोन पिकं घ्यायची.

खोलीला एवढं महत्त्व का, ते आकड्यांत सांगतो. चिकण काळी माती सेंटीमीटरला साधारण दीड ते दोन मिलिमीटर पाणी पिकाला देऊ शकते. एक फूट खोली, त्यात खड्यांची वजाबाकी, म्हणजे जेमतेम ३० ते ३५ मिलिमीटर साठा. उभं पीक भर वाढीत दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी ओढतं. म्हणजे आठवडाभरात टाकी रिकामी. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटर पूर्वेला तुमच्याकडे त्याचा लहानसा हिस्सा, तोही खंड देत देत. दोन-तीन आठवड्यांचा खंड पडला की मातीत अन्न असूनही त्याचा दरवाजा बंद होतो.

‘पिकाला खत लागलं नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा मुळापाशी काय झालेलं असतं? मुळं जागा सोडून अन्नाकडे जात नाहीत. थोडं वाढत वाढत पोचतात एवढंच. बाकी अन्न पाण्यातून त्यांच्याकडे यावं लागतं. नायट्रेटच्या रूपातला नत्र, कॅल्शियम, गंधक हे झाडाने ओढलेल्या पाण्याबरोबर वाहत येतात. स्फुरद आणि जस्त तसे येत नाहीत. मातीच्या कणांभोवती पाण्याचा जो पापुद्रा असतो त्यातून ते दाट जागेकडून विरळ जागेकडे सरकत जातात, आणि संपूर्ण हंगामात ही वाटचाल होते काही मिलिमीटरची. माती वाळू लागली की तो पापुद्रा पातळ होतो, जागोजागी तुटतो, वाट वळणावळणाची आणि लांब होते. मग मुळापासून बोटभर अंतरावर असलेलं स्फुरदही त्या हंगामापुरतं नसल्यासारखंच.

शाळूत तर याहून वाईट होतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी झाली की पाऊस जवळपास संपतो. वरची चार-सहा इंच माती वाळते आणि पीक खालच्या ओलीवर जगतं. पण स्फुरद वरच्या थरातच असतं. वर्षानुवर्षांचं धसकट, पालापाचोळा, शेणखत, टाकलेलं खत सगळं वरच कुजलेलं. अन्न वर, पाणी खाली. त्यात तुम्ही डीएपी हाताने वरून फेकलं असेल तर ते कोरड्या मातीत तसंच पडून राहिलं. पुढच्या पावसाळ्यात त्यातलं थोडं कामी येईल, पण या शाळूला त्याचा उपयोग नव्हता.

म्हणून कोरडवाहूत किती खत यापेक्षा कुठे आणि कधी हे प्रश्न आधी. दोन चाड्यांची कुरी (बी आणि खत वेगवेगळ्या चाड्यांतून सोडणारं पेरणीचं अवजार) किंवा ट्रॅक्टरचं खत-बी पेरणी यंत्र वापरून खत बियाण्याच्या खाली आणि थोडं बाजूला, दीड-दोन इंचांवर ओलीत पडलं पाहिजे. पोतं तेच, दुकान तेच, फरक डोळ्यांना दिसतो. पेरणी मजुरी वाचवायला हातानं फेकणारे पुष्कळ आहेत, आणि खत लागत नाही म्हणून दरवर्षी कंपनी बदलणारेही तेच.

युरियाचंही तसंच. ८.३ सामूच्या, चुना असलेल्या ओलसर मातीवर युरिया उघडा पडला आणि वर उन्हं तापली की त्याचा अमोनिया होऊन हवेत जातो. नाकाला वास येतो तो तुमच्या पैशाचा. शाळूला पुढे पावसाचा भरवसा नसतो, म्हणून नत्राचा हप्ता पाडत बसू नका, सगळा पेरणीबरोबर मातीआड करा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची कोरडवाहू रब्बी ज्वारीची शिफारस मुळात खोली बघूनच केलेली आहे. हलक्या जमिनीला हेक्टरी २५ किलो नत्र, स्फुरद नाही, मध्यम खोलीला ४० नत्र आणि २० स्फुरद, भारी जमिनीला ६० आणि ३०. हलक्या रानाला कमी खत ही कंजुषी नव्हे. तिथे पाणी जेवढं पीक पोसू शकतं तेवढ्याचंच खत सांगितलंय. जास्त नत्र दिला तर सुरुवातीला पानं भरपूर येतात, ती पाणी लवकर संपवतात आणि कणीस भरायच्या वेळी खाली काही उरत नाही. वाणही खोलीप्रमाणेच. हलक्या रानाला फुले अनुराधा, फुले माउली, मध्यमला फुले सुचित्रा. फुले वसुधा भारी जमिनीसाठी आहे, शेजाऱ्याकडे चांगली आली म्हणून माळावर पेरू नका.

तुमचा भुईमूग पिवळा का पडला, याचं उत्तर चुन्यात आहे. आधी पिवळेपणा कुठे होता ते आठवा. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी असतील तर नत्र. शेंड्याची कोवळी पानं पिवळी-पांढरी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. अहवालात लोह ३.९ आहे, ते ४.५ च्या वर लागतं. माझा कौल लोहालाच आहे.

गंमत अशी की ज्या दगडापासून ही माती झाली त्यात लोखंड भरपूर आहे. पण सामू एका अंकाने वर गेला की विरघळलेलं लोह हजारपटीने घटतं आणि जस्त शंभरपटीने. झड लागून रान भिजलेलं राहिलं की चुन्यामुळे मातीतल्या पाण्यात बायकार्बोनेट वाढतं आणि मुळाला उरलंसुरलं लोहही घेता येत नाही. म्हणून भुईमूग ऐन पावसात पिवळा पडतो आणि उघडीप मिळून वाफसा आला (जादा पाणी निचरून ओल बेताची झाली) की बऱ्याचदा आपोआप सावरतो. सावरला नाही तर दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. फेरस सल्फेट नुसतं जमिनीत टाकून या मातीत उपयोग होत नाही, बघता बघता ते गंजाच्या रूपात जातं. जस्त मात्र जमिनीतून द्या. तुमचं ०.४२ आहे, ०.६ च्या खाली कमतरता धरतात. एकरी आठ-दहा किलो झिंक सल्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, तीन वर्षांतून एकदा पुरतं. डीएपीबरोबर एकाच चाड्यात घालू नका, दोन्ही एकमेकांना बांधून ठेवतात.

कुणीतरी तुम्हाला जिप्सम किंवा गंधक टाकून सामू खाली आणायला सांगेल, सांगितलंही असेल. जिप्सम सोडियमने चोपण (घट्ट, पाणी न निचरणारी) झालेल्या जमिनीचं औषध आहे. शिरोळकडच्या अतिपाण्याने बिघडलेल्या रानात त्याला अर्थ आहे, तुमचा सामू साडेआठच्या आत आणि क्षारता ०.३ आहे, तुमचा तो आजारच नाही. आणि गंधकाचा हिशेब करून बघा. ११ टक्के चुना म्हणजे एकराच्या वरच्या अर्ध्या फुटात, खडे वजा करूनही, साठ टनांच्या आसपास. तो मारायला वीसेक टन गंधक लागेल. चुन्याशी भांडायचं नाही, त्याच्याबरोबर राहायचं. हां, भुईमुगाला आऱ्या (जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ) सुटताना थोडं जिप्सम शेंग पोसायला देतात, ते वेगळं. आणि गंधक अन्नद्रव्य म्हणून लागतंच. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेने कर्नाटक-आंध्रकडच्या कोरडवाहू शेतांत तपासण्या केल्या तेव्हा गंधक, जस्त आणि बोरॉन यांची कमतरता सर्रास सापडली. त्यावर कर्नाटकाने २००९ पासून भूचेतना नावाची मोठी योजना राबवली. आपल्या अहवालात गंधक-बोरॉन नसेल तर पुढच्या वेळी मागून घ्या. तोवर डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट वापरलं की स्फुरदाबरोबर ११ टक्के गंधक आपसूक जातं, कॅल्शियमही. पोती जास्त वाहावी लागतात एवढाच त्रास.

या चुन्यात अडकलेलं स्फुरद सोडवणारी पिकं आपल्याकडे आहेत हे मात्र विसरू नका. हरभऱ्याची मुळं सेंद्रिय आम्लं सोडतात आणि चुन्याने बांधलेलं स्फुरद थोडं थोडं विरघळवतात. हरभऱ्याच्या झाडावरची आंब जिभेला लागते, तशीच आम्लं खाली मुळाशी. तुरीचं तंत्र निराळं. इक्रिसॅटमध्ये जपानी शास्त्रज्ञांनी १९९० साली दाखवलं की तुरीचं मूळ पिसिडिक आम्ल सोडून लोहाने बांधलेलं स्फुरद मोकळं करतं, त्यामुळे तिचा हा गुण तांबड्या मातीत जास्त दिसतो. तुमच्याकडे तुरीचा फायदा खोल मुळांचा आणि गळणाऱ्या पाल्याचा. भुईमूग, तूर, ज्वारी या सगळ्यांच्या मुळांवर एक उपयुक्त बुरशी राहते, तिचे धागे मुळाच्या पलीकडे जाऊन स्फुरद आणून देतात. रान वर्षभर ओसाड ठेवलं की ती कमी होते. दोन खड्ड्यांत दीड फुटापर्यंत माती निघाली तर तिथे खरिपात भुईमूग आणि तुरीचं आंतरपीक करा. वीतभर माती असलेल्या वरच्या पट्ट्यात मटकी-हुलगा किंवा सरळ गवत. तिथे सोयाबीन घेण्याचा मोह टाळा.

पहिल्या पावसाबद्दल थोडं सांगायला हवं. उन्हाळाभर वाळलेल्या मातीत जिवाणू मोठ्या संख्येने मेलेले किंवा निपचित असतात. पहिला पाऊस पडला की वाचलेले जागे होतात, मेलेल्यांना आणि मोकळ्या झालेल्या सेंद्रिय पदार्थांना खातात आणि थोड्या दिवसांत मातीत नत्राची एक लाट येते. पूर्व आफ्रिकेत काम केलेल्या बर्च यांनी १९५८ च्या सुमारास हे नीट मोजून मांडलं. कोरडवाहू रानाला वर्षभरात फुकट मिळणारा सगळ्यात मोठा नत्राचा हप्ता हाच. त्या वेळी रानात पीक नसेल तर तणं तो घेतात, नाहीतर पुढच्या मोठ्या पावसात वाहून जातो. म्हणून मशागत आधी उरकून वाफसा येताच पेरणं महत्त्वाचं. पंधरा दिवस उशीर म्हणजे नुसता पाऊस चुकला असं नाही, ती लाटही चुकली.

आणि माळ पेटवू नका. उन्हाळ्यात डोंगराकडेचं गवत आणि बांध जाळायची आपल्याकडे रीतच पडली आहे. राखेत पालाश, कॅल्शियम आणि बरंचसं स्फुरद उरतं, पण नत्र आणि गंधक बहुतांश धुराबरोबर जातात. उरलेली राखही पहिल्या वळवाने ओढ्यात. तुमचा कर्ब ०.३८ आहे, जाळायला तुमच्याकडे काही शिल्लकच नाही.

कर्ब वाढवायचा म्हणाल तर माळावर तो बागायतीसारखा वाढत नाही. ऊन जास्त, आणि प्रत्येक भिजण्या-वाळण्यात थोडा जळतो. तो अर्धा टक्क्यावर नेऊन टिकवला तरी मी खूश असेन. एकरी दोन टन शेणखत म्हणजे साधारण दहा किलो नत्र, तोही सावकाश मिळणारा. पण खरा फायदा पाणी मुरण्यात आहे. अर्धकच्चं शेणखत मात्र नको, ते ओल आणि नत्र दोन्ही ओढून घेतं, वर हुमणी आणि वाळवी. साखर कारखान्यांची प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेली मळी) आपल्या जिल्ह्यात सहज मिळते, कुजवून घेतलेली चांगली. मला मात्र माळासाठी मेंढरं बसवणं सगळ्यात आवडतं. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाचा हा मुलूख, धनगरांचे कळप तुमच्याच वाटेने जातात. दिवसभर गायरानात आणि डोंगरावर चरायचं आणि रात्री तुमच्या रानात लेंड्या-मूत टाकायचं, म्हणजे विखुरलेलं अन्न गोळा होऊन तुमच्या तीन एकरांत येतं. त्यात मुताचा नत्र मोठा असतो आणि या सामूला तो उडून जातो, तेव्हा कळप हलला की त्याच दिवशी कुळव घाला. बऱ्याच जणांचा अर्धा फायदा इथेच जातो.

माती धरून ठेवणं या सगळ्याच्या आधी येतं. एकरावरून एक मिलिमीटर माती गेली तर पाच टन गेली, आणि जाते ती नेमकी बारीक, कर्ब-स्फुरद असलेली. खडे मागे राहतात. सोलापूरला १९३३ साली कोरडवाहू संशोधन केंद्र सुरू झालं, तेव्हापासून कानिटकरांसारख्यांनी बांधबंदिस्ती आणि ओल टिकवण्यावरच भर दिला. उताराला आडवी पेरणी आणि फुटलेल्या ताली नीट करणं यात खताच्या चार पोत्यांपेक्षा जास्त फायदा आहे. एक इंच पाऊस मुरला तर एकरी एक लाख लिटर पाणी झालं.

राहिला गाळाचा विषय. तलावातला गाळ आणून टाकायचा विचार असेल तर तुमच्या वरच्या उथळ पट्ट्याला तो शोभेल, ओल धरायची ताकद त्याने थेट वाढते. उचलण्याआधी गाळाचा नमुना तपासा, सामू, क्षारता आणि चुना या तीनच गोष्टी. क्षारता १ च्या वर किंवा चुना तुमच्याइतकाच असेल तर वाहतुकीचा खर्च करू नका. गाळ उन्हाळ्यात पसरा, मुरमावर नुसता थापून ठेवू नका, कुळवाने वरच्या मातीत मिसळा, आणि ताली दुरुस्त झाल्याशिवाय एकही ट्रॉली रानात उतरवू नका.